भारत उभा २९ अंश, आडवाही २९ अंश. मग किलोमीटर वेगळे का?

अवनी_नाशिक
लेक नववीत आहे. भारताचा विस्तार पाठ करताना त्याला एक शंका आली आणि आता ती माझी झाली आहे. आपला देश ८°४′ ते ३७°६′ उत्तर अक्षवृत्तं आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व रेखावृत्तं यांच्यामध्ये. वजाबाकी केली की उभे २९ अंश, आडवेही २९ अंश, वरची मिनिटं काय ती वेगळी. पण दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किमी आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किमी. "अंश तेवढेच, मग २८१ किलोमीटर गेले कुठे?"

"पृथ्वी गोल आहे ना, म्हणून" एवढ्यावर सुटायला बघत होते, तर "गोल आहे तर दोन्हीकडून सारखीच गोल आहे" असं उत्तर आलं. व्याख्या त्याला तोंडपाठ आहेत, त्यामुळे कृपया व्याख्या नकोत. जोडीला दुसरा प्रश्न: शून्य अक्षांश विषुववृत्तावर हे पटतं, पण शून्य रेखांश लंडनलाच का? तिथे काय आहे?

नागपुरी_संत्रं
माझ्या नावाचा उपयोग आज होऊन राहिला तर!

ताई, एक संत्रं सोला. फोडी देठाशी आणि बुडाशी टोकदार, मध्ये जाड. फोडींमधल्या रेघा म्हणजे रेखावृत्तं. दुसरं संत्रं न सोलता आडवं कापा. चकत्या पडतील, त्या सगळ्या एकाच जाडीच्या पाडता येतात. चकत्यांच्या कडा म्हणजे अक्षवृत्तं. भारत मधल्या फुगीर भागाच्या जरा वर आहे, म्हणून आडवं माप आवळलं गेलं. उभ्या मापाला काही झालं नाही. संत्रं मात्र नागपूरचंच घ्या, जळगावच्या केळ्यावर हे जमत नाही.

तिरकस_काटा
संत्रंभाऊंना अनुमोदन. आता आकडे, कारण नववीतल्या पोराला आकडेच पटतील.

दोन अक्षवृत्तांमधलं एका अंशाचं अंतर सगळीकडे १११ किमीच्या जवळपास असतं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने विषुववृत्ताशी ११०.६ आणि ध्रुवाशी १११.७, एवढाच काय तो फरक. म्हणजे २९ अंश गुणिले १११, झाले ३,२१९. पुस्तकातल्या ३,२१४ च्या अगदी शेजारी.

रेखावृत्तांमधलं अंतर विषुववृत्तावर १११.३ किमी आणि तिथून वर ते अक्षांशाच्या कोसाइनच्या पटीत घटत जातं. मुंबईला १०५, दिल्लीला ९८, ध्रुवावर शून्य. भारताचं पश्चिम टोक कच्छमध्ये २४ अंशांच्या जरा अलीकडे आहे, पूर्वेचं टोक अरुणाचलमध्ये २८ च्या आसपास. मधला २६ धरा. कोसाइन २६ म्हणजे ०.८९९. आता २९.३ × १११.३ × ०.८९९ करा: २,९३२. त्रिकोणमिती नववीत असतेच, त्याला स्वतःला करू द्या. २८१ किलोमीटर कोसाइनने खाल्ले.

अवनी_नाशिक
त्याने केलं! २,९३१.७ आलं, कॅल्क्युलेटर घेऊन घरभर नाचतोय. संत्र्यापेक्षा हे जास्त लागू पडलं, संत्रंभाऊ राग नसावा.

स्टॉकहोम_मार्गे_सातारा
इथे ५९ अंशांवर राहते. आमच्याकडे रेखांशाचा एक अंश जेमतेम ५७ किमीचा, साताऱ्यातल्या अंशाच्या साधारण निम्मा. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त सात अंश वर असतो, समोरच्या इमारतीमागेच सगळा दिवस काढतो. अक्षांश म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं पहिल्या हिवाळ्यात.

जुना_चीफमेट
अवनीताई, लेकाचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

नकाशावर अक्षांश आणि रेखांश नेहमी जोडीनं येतात, त्यामुळे ती एकाच घरची भावंडं वाटतात. बोटीवर काम केलेल्याला तसं वाटत नाही. अक्षांश आकाशात दिसतो. रेखांश दिसत नाही, तो मिळवावा लागतो.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून दोन ध्रुव ठरले. दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावरचं विषुववृत्तही त्यातच ठरलं. पृथ्वीवर माणूस नसता तरी ते तिथेच असतं. आणि ध्रुवतारा क्षितिजाच्या जितके अंश वर, साधारण तितकाच तुमचा अक्षांश, फार तर पाऊण अंश इकडेतिकडे. मुंबईत १९, श्रीनगरला ३४. हात सरळ पुढे धरून मूठ वळलीत तर ती सुमारे १० अंश झाकते. नाशिकच्या गच्चीवरून क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी ठेवा, ध्रुव सापडेल. अरबी समुद्रावरचे खलाशी हेच काम 'कमाल' नावाच्या लाकडी पट्टीनं करायचे. पट्टीच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी काढलेली असे, दोरीची गाठ दातात धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुव येतो का ते बघायचं. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. त्या उंचीला पोचलं की मग सरळ पूर्वेला नाहीतर पश्चिमेला चालत राहायचं, कधीतरी बंदर येतंच.

हे 'कधीतरी' जीवघेणं होतं. पूर्व-पश्चिमेला आकाश काहीच सांगत नाही, कारण पृथ्वी त्याच दिशेने फिरते. मुंबईच्या माथ्यावरून गेलेले तारेच सव्वादोन-अडीच तासांनी लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानच्या माथ्यावरून जातात. दोन्हीकडचं आकाश तेच, फरक फक्त वेळेचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. तेव्हा समुद्रात आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत हे कळायचं तर इथे दुपार झाली तेव्हा निघालेल्या बंदरात किती वाजले होते हे माहीत हवं.

१७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजं इंग्लंडच्या दाराशी, सिली बेटांच्या खडकांवर फुटली. हजाराहून जास्त माणसं बुडाली. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला होता. १७१४ मध्ये संसदेनं २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं: वेस्ट इंडिजपर्यंतच्या सफरीत रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगून दाखवा. अर्धा अंश म्हणजे घड्याळाची २ मिनिटं. सहा आठवड्यांत २ मिनिटं, म्हणजे दिवसाला ३ सेकंदही चुकायचं नाही, तेही हेलकावणाऱ्या जहाजावर, खाऱ्या दमट हवेत, कधी थंडी तर कधी उष्णकटिबंधातलं ऊन. लंबकाचं घड्याळ तिथे निकामी. मोठमोठ्या ज्योतिर्विदांचा भरवसा चंद्राच्या गतीवर होता. ते गणित चुकीचं नव्हतं, पण ढग आले की बंद, आणि करायला तासन् तास लागत.

बाजी मारली जॉन हॅरिसन नावाच्या, सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या माणसानं. त्याचं चौथं यंत्र तळहातावर मावेल असं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. १७६१ मध्ये ते जमैकाला निघालं. तिथे पोचल्यावर, रोजचा ठरलेला फरक वजा जाता, चूक निघाली ५ सेकंदांच्या आसपास. तरीही पैशांसाठी त्याला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १७७३ मध्ये संसदेनं रक्कम दिली तेव्हा तो ८० वर्षांचा होता.

माझ्या वेळी बोटीवर उपग्रह आले होते, तरी क्रोनोमीटर रोज ठरल्या वेळी तपासून त्याचा फरक वहीत लिहायचा हा शिरस्ता होता. त्या घड्याळाला पुढे-मागे करून 'बरोबर' लावत नसत. ते किती चुकतं ते माहीत असलं की पुरे.

बंडू_बिनधास्त
सगळं ठीक, पण शून्य लंडनच्या ग्रीनिचला न्यायचं कारण काय? आपली रेषा उज्जैनवरून जात होती की. गोऱ्यांनी चोरली.

पंतोजी
बंडूशेठ, चोरली नाही, पण उज्जैनचा मुद्दा अगदीच खोटाही नाही.

आपल्या सिद्धांतग्रंथांत मध्यरेखा धरली आहे ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूकडे जाणारी. ही लंका विषुववृत्तावरची एक मानलेली जागा. उज्जैनच्या रेखावृत्तावरून खाली विषुववृत्तापर्यंत आलात तर आजची श्रीलंका लागत नाही, मालदीवच्या पूर्वेला उघडा समुद्र लागतो. आपापल्या गावासाठी ग्रहगणित करताना या रेषेपासूनचं 'देशांतर' मिळवायचं किंवा वजा करायचं.

चीफमेट म्हणतात ती अडचण इथेही दिसते बघा. अक्षांश काढायला आपल्याकडे पलभा होती: बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी दुपारी त्याची सावली मोजायची. पुण्याला ती बरोब्बर ४ अंगुळं भरते, नागपूरला साडेचारच्या वर. सोपं आणि नेमकं. रेखांशासाठी मात्र चंद्रग्रहणाची वाट बघावी लागे. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, तेव्हा दोन गावांच्या स्थानिक वेळांतला फरक म्हणजेच देशांतर. वर्षातून एखाद-दोन संधी, त्यात घटिकापात्रावरची वेळ. आज मोजलं तर उज्जैन ७५.८ अंशांवर आहे आणि कुरुक्षेत्र ७६.८ अंशांवर, म्हणजे 'एकाच रेषेवरची' ही गावं एका अंशाने सरकलेली. ज्यांनी हे गणित केलं त्यांची बुद्धी तोकडी नव्हती, घड्याळ तोकडं होतं.

आणि शून्य कुठे ठेवायचं हा निसर्गाचा प्रश्नच नाही. उज्जैन ही निवड, ग्रीनिच हीसुद्धा निवडच.

तिरकस_काटा
ग्रीनिच कसं निवडलं तेही गमतीशीर आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश जमले. तोवर जगातली जवळपास पाऊण जहाजवाहतूक ग्रीनिचपासून मोजलेले नकाशे वापरत होती. मुद्दा तिथेच संपला, बाकी भाषणं. २२ मतं बाजूने, एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. फ्रान्सने पॅरिसची रेषा सोडायला १९११ उजाडवलं, आणि तेव्हाही कायद्यात ग्रीनिचचं नाव नाही! "पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली" असं लिहिलं. हे वाचून मला आपल्याकडच्या काही सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं आठवली.

लंडनवासी_विदर्भकर
ग्रीनिचला पाहुण्यांना दाखवायला नेतो तेव्हा एक खेळ करतो. तिथे शून्य रेखावृत्त दाखवणारी पितळी पट्टी आहे, तिच्यावर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून सगळे फोटो काढतात. मग सांगतो, फोनवर जीपीएस उघडा. शून्य येत नाही. खरं शून्य तिथून पूर्वेला सुमारे १०२ मीटरवर, बागेतल्या वाटेच्या आसपास आहे.

अवनी_नाशिक
म्हणजे पट्टीच चुकीची बसवली?

लंडनवासी_विदर्भकर
नाही. ती १८५१ च्या दुर्बिणीवरून आखलेली आहे. दुर्बीण सरळ उभी आहे की नाही हे त्या काळी गुरुत्वाकर्षणावर ठरे, आणि प्रत्येक जागी ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे नेमका रोखलेला नसतो. जमिनीखालच्या वस्तुमानाप्रमाणे जरासा कलतो. उपग्रह केंद्रापासून मोजतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

गिरगावकर_जुने
मुंबईचा मुद्दा कोणीच काढला नाही! आपली प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे. फरक पावणेदहा अंशांचा, चार मिनिटांनी गुणा: ३९ मिनिटं. म्हणून मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो.

१९०६ मध्ये ही प्रमाण वेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी जोरदार विरोध केला. आमचा सूर्य आमच्या घड्याळाप्रमाणे उगवतो, सरकारने कामगारांना ३९ मिनिटं आधी का उठवावं, असा सूर होता. महापालिकेनं 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालवला. आमचे आजोबा गाडी पकडायला निघाले की घरात पहिला प्रश्न, "कुठल्या टाइमाने?"

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे सूर्य तुमच्यापेक्षा २५ मिनिटं आधी येतो. संकष्टीला दिनदर्शिकेतल्या गाववार चंद्रोदयाच्या वेळा बघा, नागपूरवाले मुंबईकरांच्या आधी मोदक खाऊन मोकळे. रेखांशाचा याहून मोठा फायदा कोणता?

आणि एक अभिमानाची गोष्ट. भारताचा सगळा नकाशा ज्या मोजणीवर उभा आहे ती महात्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत तो निघाला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांनी वाहून न्यायचा, टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचा. १८२३ मध्ये हे काम चालू असतानाच तो आमच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं केलं आणि नाव मात्र शिखराला त्याचं लागलं. लॅम्ब्टन कोण हे हिंगणघाटातही विचारून पाहा, दहातले नऊ खांदे उडवतील.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी
धाग्याचा व्यावहारिक भाग माझ्याकडून, कारण दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर हा घोळ होतो.

राजगड आहे १८ अंश १४ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४० मिनिटं पूर्व (वरचे सेकंद सोडून देतो). कोणीतरी हे १८.१४, ७३.४० असं टाइप करतं. मिनिटं ६० ची असतात, दशांश १०० चा. बरोबर रूपांतर १८.२४ आणि ७३.६८ च्या जवळ येतं. १८.१४, ७३.४० ला गेलात तर घाट उतरून महाडजवळ पोचाल, राजगडापासून तीसेक किलोमीटर लांब.

दुसरा घोळ, आकड्यांची अदलाबदल. आधी अक्षांश, मग रेखांश. ७३.६८, १८.२४ टाकलंत तर नकाशा तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात नेतो. स्टॉकहोमवाल्या ताईंच्याही बऱ्याच वर.

आणि कृपा करून दशांशानंतर आठ-आठ आकडे पाठवू नका. चौथा आकडा म्हणजे ११ मीटर, पाचवा म्हणजे एक मीटर. सातव्यापुढे तुम्ही बुरुजावरच्या मुंगीचा पत्ता देताय. जुन्या सर्व्हेच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढून ते जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर शंभरएक मीटरचा फरक पडतो, हेही लक्षात ठेवा. ते नकाशे एव्हरेस्टनं १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस वेगळ्या आकारावर. पठारावर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. धुक्यात कड्यावर असलात तर शंभर मीटर पुष्कळ झाले.

डहाणूचा_दर्या
आमच्यासाठी हे आकडे म्हणजे घरचे पत्ते. मासळी लागते ती जागा, जाळं फाटतं तो खडक, सगळ्याचे पॉइंट जीपीएसमध्ये मारून ठेवलेले असतात, आणि तांडेल ते दुसऱ्या बोटीला सांगत नाही. पण गुजरातच्या वरच्या समुद्रात हद्दीची रेषा पाण्यावर काढलेली नसते. पालघरकडची पोरं तिथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, बोट चुकून पलीकडे गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात वर्ष-वर्ष काढतात. धाग्यावर मजा चाललीय, चालू द्या, पण हेही रेखांशच आहेत.

जुना_चीफमेट
डहाणूकर, बरं केलंत सांगितलंत.

अवनी_नाशिक
सगळं छापून त्याला दिलंय. आता म्हणतो, नाशिकचा रेखांश स्वतः काढणार. काठी आणि मोबाइलचं घड्याळ एवढ्यावर होईल का?

पंतोजी
होईल. २५ डिसेंबरला करा. सुट्टी असते, आकाश स्वच्छ असतं आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी सूर्यघड्याळ आणि आपलं घड्याळ यांच्यातला फरक जवळपास शून्य असतो. एरवी हा फरक फेब्रुवारीत १४ मिनिटांपर्यंत आणि नोव्हेंबरात उलट्या बाजूने १६ मिनिटांपर्यंत जातो. १५ एप्रिलच्या आसपासही चालेल.

सावली सगळ्यात आखूड कधी झाली ते बघत बसू नका, तो क्षण डोळ्याला पकडता येत नाही. सपाट जागी काठी उभी करा, ओळंब्याने तपासा. तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढा. त्या दिवशी नाशिकला एक मीटर काठीची भरदुपारची सावली ९५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, म्हणून वर्तुळाची त्रिज्या सव्वा मीटर घ्या. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरेल ती वेळ लिहा, दुपारनंतर बाहेर पडेल ती लिहा. दोन्हींची मधली वेळ म्हणजे तुमची स्थानिक दुपार. १२ च्या पुढे जितकी मिनिटं, त्यांना चाराने भागा आणि ८२.५ मधून वजा करा. तुमचं उत्तर ७३.८ च्या जवळ यायला हवं. एक मिनिट चुकलात तर २६ किलोमीटर सरकाल, तेव्हा सिन्नर आलं तरी नाउमेद होऊ नका.

बंडू_बिनधास्त
माझा शेवटचा प्रश्न, मग झोपतो. ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात म्हणता. मग तिथे किती वाजलेले असतात?

तिरकस_काटा
जितके हवे तितके. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर न्यूझीलंडची वेळ पाळतात, कारण विमानं आणि रसद त्या बाजूने येते.

नागपुरी_संत्रं
आणि सामोआ देशानं तर आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या या बाजूला यायचं म्हणून ३० डिसेंबर २०११ हा आख्खा शुक्रवारच रद्द केला. गुरुवारी झोपले, शनिवारी उठले.

गिरगावकर_जुने
त्या शुक्रवारचा पगार दिला का?

स्टॉकहोम_मार्गे_सातारा
दिला म्हणे, सरकारनेच तसं सांगितलं होतं.